ब्लॉकचेनच्या पंगतीतला वाढपी

खर्रर्र… खण्ण!

हा आवाज मी लहानपणी ऐकला, वलगावच्या एका गावजेवणात. वरणाच्या बादलीचा तळ ओगराळ्याने खरवडला की असा आवाज येतो. आमची ओळ शेवटची असायची, बाकीच्या ओळींपासून जरा लांब. का लांब, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पत्रावळीवर भाताचा ढीग, भातात बोटाने केलेलं आळं, आणि त्या आळ्यात वरण कधी पडतं याची वाट बघत बसलेलो आम्ही पोरं. बादली जवळ आली. वाढप्याने ओगराळं आत घातलं आणि तो आवाज आला. "सरलं रे बाप्पा," म्हणून वाढपी पुढे निघून गेला. कोरडा भात आम्ही खाल्ला. भात खाली उतरला, आवाज काही उतरला नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे सारं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत गेलं. पण आमच्या वस्तीत लग्न असो की नामकरण, बादली माझ्याच हातात असायची. त्या कोरड्या भाताच्या दिवशीच मी ठरवलं होतं, माझ्या हातात बादली असेपर्यंत शेवटच्या ओळीला तो आवाज ऐकू येणार नाही. म्हणून मी शेवटच्या ओळीपासून वाढायला सुरुवात करायचो. नवरदेवाकडची माणसं पहिल्या ओळीत बसून डोळे वटारायची. वटारू द्या! ठरवलं म्हणजे ठरवलं.

तर अशा माणसाच्या हाती जगभरातल्या लोकांनी विश्वासाने एक बादली दिली, आणि त्याने तिचं काय केलं, ते आज ऐका. चहा गार होऊ देऊ नका. आणि हसू आलं तर आधी बशी खाली ठेवा. मागे ही गोष्ट सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता.

माझी पोरगी अस्मिता अकोल्याला जठारपेठेत राहते. कम्प्युटरचं शिकली. चांगली नोकरी होती, ती सोडली. मला न विचारता सोडली, तिच्या आईला विचारून. आणि दोन मैत्रिणींना घेऊन मोबाइलचं एक अ‍ॅप काढलं. नाव ठेवलं 'ओसरी'. ज्याला लिहिता येत नाही त्याने ओसरीत नुसतं बोलायचं. अ‍ॅप ते लिहून काढतं, आणि आवाजासकट एका समाजमाध्यमावर नेऊन ठेवतं. मग जगातलं कोणीही ते ऐकावं, वाचावं.

हे समाजमाध्यम जरा वेगळं होतं. वलगावला आली तेव्हा अस्मिता मला समजावत होती.

"बाबा, याचा मालक कोणी एक नाही. ब्लॉकचेन म्हणतात याले. अठी जे केलं ते हजारो कम्प्युटरवर राह्यते. कोणालेच पुसता येत नाही."

"मंग तठी भांडण झालं तर?"

"तेही पुसता येत नाही."

"बाप्पा! मंग तं हे आपल्या गावावानीच हाय."

शांताबाई, म्हणजे अस्मिताची आई, ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "तुमी मधात नोका बोलू. पोरगी काय म्हणते ते ऐका आदी."

मी ऐकलं. तिथे म्हणे रोज थोडी नाणी तयार होतात. ज्याच्या लेखाला लोकांची मतं जास्त, त्याच्या पानात नाणी जास्त पडतात. ज्या भागीदाराकडे नाण्यांचा साठा मोठा, त्याच्या मताला वजन मोठं. लिहिणाऱ्याच्या पानातला एक घास अ‍ॅपला मिळतो. आणि रोजच्या नाण्यांतला एक वाटा बाजूला निघतो, सामायिक निधीत. खरं भांडण त्या निधीवरून होतं. अ‍ॅपवाले म्हणायचे, आम्ही नसलो तर लोक लिहितील कशात? निवड करणाऱ्या मंडळ्या म्हणायच्या, आम्ही नसलो तर ढिगातलं चांगलं शोधणार कोण? आणि मोठे भागीदार म्हणायचे, तुम्ही दोघंही आमची नाणी घेता आणि एकमेकांच्याच पाठी खाजवता!

अस्मिताने निधीकडे मागणी केली होती, ओसरी चालवायला आणि वऱ्हाडातलं चांगलं बोलणं निवडायला. भागीदारांनी सांगितलं, "एक हंगाम आमच्या मतांचं वजन तुम्हाला उसनं देतो. नीट निवड करून दाखवा, मग पुढचं बघू. अट एकच. निवडणारा माणूस स्वतः तिथे लिहिणारा नको."

निवड जमली नाही तर ओसरी बंद होणार होती. मैत्रिणी पुण्याला नोकरी शोधायला जाणार, आणि आपली पोरगी कोणत्या तोंडाने जुन्या साहेबाकडे जाणार? हे ती बोलली नाही. पण शेंगदाणे खाताना टरफलं पुन्हा पुन्हा चुरत होती, त्यावरून मला कळलं.

"बाबा, आमच्या मंडळीतले सारे लिवतात. तुमी लिहीत नाही."

"मले लेख लिवता येत नाही असं म्हण नं सरळ!"

"ऐकता तं येते? मोबाइलले कान लावाचा अन् चांगलं वाटलं तं हा वरचा बाण दाबाचा. बस. बाबा, असं समजा, हे पंगत हाय. बादली तुमच्या हातात. पान पाहून वाढाचं, पण…"

"पण-बिण काही नाही! वाढाचं मले नोको शिकवू. तुह्या जन्माच्या आदीपासून वाढून राहिलो मी."

आता तुम्हीच सांगा, त्या 'पण'च्या पुढचं मी ऐकून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. वरून बापाचा मान होता ना!

अस्मिताने मोबाइलमध्ये माझं खातं उघडून दिलं. नाव दिलं 'वाढपी'. ती अकोल्याला गेली, आणि मी अंगणात बाज टाकून कामाला लागलो.

सुरुवात कुठून केली? शेवटच्या ओळीपासून! दुसरीकडून करीन का मी? अंगठ्याने सरकवत सरकवत यादीच्या पार तळाशी गेलो. तिथे बिचारे केव्हाचे लेख पडून होते. कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. म्हटलं, थांबा रे बाप्पाहो, आलो मी.

नुसतं बटण दाबत सुटलो नाही, हे लक्षात ठेवा. प्रत्येकाचं ऐकलं. कोणी विहीर खणताना लागलेल्या खडकाचं सांगितलं, कोणी सासूने पहिल्या दिवशी चुलीपाशी बसवून काय शिकवलं ते, कोणी नुसतंच खोकून "हॅलो हॅलो, ऐकू येते का?" एवढंच बोललेला. त्यालाही वाढलं. पंगतीत येऊन बसला ना तो? मग कोणाच्या पानापुढून बादली तशीच नेऊ?

शांताबाई विचारायची, "काय करून राहिले सकाळपासून?"

"वाढून राहिलो."

"कोणाले?"

"साऱ्याइले."

"मंग एकखेप घरातही या वाढाले. मायं काम थोडं हलकं होईन."

बायकोचं सोडा. मला असं समाधान लाभलं होतं म्हणून सांगू! लहानपणीच्या त्या कोरड्या भाताचा हिशेब मी एका बोटाने चुकता करत होतो.

पण तुम्ही वऱ्हाडातले असाल तर तुम्हाला माहीत आहे, एकदा वाढून पुढे जाणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. आग्रह झाला पाहिजे! "घ्या हो, थोडंसं," म्हणत पान हाताने झाकलेलं असलं तरी बोटांच्या फटीतून वाढलं पाहिजे. म्हणून जो लेख मनात भरला, त्याच्याकडे मी दुपारी परत जायचो आणि बाण पुन्हा दाबायचो. फारच मनात भरला तर संध्याकाळी एकदा आणि निजताना एकदा.

एक दिवस वलगावच्या फाट्यावर चहा पीत बसलो होतो. गुलाबराव आला. गुलाबराव म्हणजे आमचा शेजारी, लहानपणापासूनचा. माझ्याच सांगण्यावरून तो ओसरीत बोलला होता. अमरावतीच्या बाजारात विकलेली त्याची म्हैस दोर तोडून एकटीच वलगावला परत आली, त्याची गोष्ट. काय सांगितली होती! मी चार खेपा ऐकली.

गुलाबराव तापलेलाच होता. "अबे, त्या तुह्या पोरीच्या अ‍ॅपात चोर हाय."

"चोर? तठी चोरी होतच नाही. सारं दिसते म्हणते अस्मिता."

"सकाळी माह्या पानात नाणी होती. दुपारी पाहतो तं गेली! संध्याकाळी आली, मंग पुन्हा गेली. म्हैस तरी घरी आली, हे नाणी काहून परत चालले?"

"दाखव मोबाइल."

त्याने दाखवला. त्याच्या नातवाने त्याला शिकवलं होतं, कोणी काय केलं ते कुठे दिसतं ते. आम्ही दोघं चष्मे लावून वाचायला लागलो.

"हे वाचू का?" गुलाबराव म्हणाला. "वाढपी, मत दिलं. वाढपी, मत काढलं. वाढपी, मत दिलं. वाढपी, मत काढलं. हा वाढपी कोण हाय बे?"

मी चहाच्या कपात बघत बसलो.

"हे तुहं नाव होय ना?"

"होय."

"हे वाढणं हाय का मस्करी? ताटात टाकलं, उचललं, टाकलं, उचललं!"

"अबे, मी आग्रह करून राहिलो होतो!"

"असा आग्रह तं माह्या सासऱ्यानंही नाही केला!"

चहावाला हसून हसून गॅस बंद करायला विसरला, चहा उतू गेला. आणि मला तिथेच कळलं. दुसऱ्यांदा बाण दाबला की पहिलं मत परत जातं! म्हणजे बघा, जो मला जरासा बरा वाटला, त्याला एकदाच वाढलं. तो पोटभर जेवून गेला. आणि ज्याच्यावर जीव जडला, त्याला मी आग्रह केला, आणि त्याचं पान चाटूनपुसून साफ! जितकी माया जास्त, तितकं ताट रिकामं.

तिथूनच अस्मिताला फोन लावला. म्हटलं, पोरीला सगळं सांगून टाकावं.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "मी आताच पाहिलं. तुमी सुरू कुठून केलं?"

"शेवटच्या ओळीपासून."

"म्हंजे जुन्या लेखांपासून?"

"होय. कोणी पाहत नव्हतं बिचाऱ्याइकडे."

मग ती हळू म्हणाली, "बाबा, एका लेखाले एकच आठवडा असतो. त्याच्यानंतर मत दिलं तं पानात काहीच पडत नाही. ते लोक जेवून, हात धुवून घरी गेले. तुमी उष्ट्या पत्रावळ्याइवर वरण वाढून राहिले होते."

"मंग वरण गेलं कुठी?"

"वाया. अन् बादली एकदम भरत नाही बाबा. विहिरीतल्या झऱ्यावानी हळूहळू भरते. तेच सांगत होती मी त्या दिवशी. पान पाहून वाढाचं, पण रोज थोडंच, मोजक्याच पानात. तुमी तळ काढला."

तळ! माझ्या कानात तो आवाज आला. फाट्यावरच्या ट्रकच्या हॉर्नमधूनही आला.

"आता ऐका," अस्मिता म्हणाली. "मोर्शीच्या एक यमुनाबाई कालच बोलल्या. पहिल्याच खेपेले. भागीदार लोक त्यांचं ऐकून राहिले हायत. आपण त्यांना निवडतो का नाही, तेच सारे पाहून राहिले. अन् तुमच्या बादलीत काही नाही."

मी घरी आलो आणि यमुनाबाईंचं ऐकलं. संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणारी बाई. आवाज बारीक, मधेच थांबणारा. ती सांगत होती, संत्रं ओढायचं नसतं. ओढलं की देठापाशी साल फाटते आणि पेटीतली सगळी खराब होतात. कात्रीने देठ राखून कापायचं. आणि दिवसभर कापून घरी गेलं, की लेकरू आधी तिचा हात हुंगतं, मग आई म्हणतं.

एवढंच होतं. मी मोबाइल बाजेवर ठेवला आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. बघा आता. साऱ्या जगाला वाढून झालं, आणि शेवटच्या ओळीत बसलेल्या या बाईच्या पानापर्यंत आलो तर बादली रिकामी. म्हणजे तो गावजेवणातला वाढपी मीच झालो होतो की!

मग मात्र मी ठरवलं. यमुनाबाईच्या पानात वाढल्याशिवाय मागे हटायचं नाही. तिचा आठवडा संपेपर्यंत बाणाला हात लावायचा नाही. बादली भरू द्यायची, आणि शेवटच्या दिवशी सगळी तिच्याच पानात.

पण बोटाला सवय लागली होती हो! कोणाचं काही ऐकलं की अंगठा आपोआप बाणाकडे जायचा. शेवटी मी शांताबाईला म्हटलं, "हे घे. मी मागितला तरी देजो नोको."

तिने मोबाइल घेतला आणि ज्वारीच्या कोठीत खोल खुपसला. दुसऱ्या दिवशी अस्मिताचा फोन आला तो कोठीतून वाजला. शेजारची बाई पीठ मागायला आली होती. तिने कोठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पीठ न घेताच गेली. गावात दोन दिवस चर्चा, यांच्या ज्वारीत काहीतरी आहे म्हणून!

तो दिवस उजाडला. मोबाइल उकरून काढला, फुंकून साफ केला. यमुनाबाईचं पान उघडलं. बाण दाबला. एकदा. आणि लगेच दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. आग्रहाची अशी खाज सुटली म्हणता! घ्या ना बाई अजून थोडं, असं ओठावर आलं. पण हललो नाही. शांताबाईने पाणी आणलं ते तिच्याच हाताने प्यायलो.

त्याच आठवड्यात भागीदारांची बैठक होती, कम्प्युटरवर. अस्मिताने सांगितलं, "बाबा, तुमाले यावं लागते. तुमालेच विचारून राहिले ते." मी आणि शांताबाई एसटीने अकोल्याला गेलो. रस्ताभर मी मनात घोकत होतो, काय विचारलं तरी खरं बोलायचं. डगमगायचं नाही.

जठारपेठेतल्या तिच्या घरी दोन्ही मैत्रिणी सकाळपासून स्वयंपाकाला लागल्या होत्या. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, भात. माझ्या आवडीचं सगळं. बैठक झाली की जेवण, असं ठरलं होतं. अस्मिताने मला कम्प्युटरपुढे बसवलं आणि बाजूला स्वतः बसली. पडद्यावर चौकोनाचौकोनांत देशोदेशीची तोंडं. एका चौकोनात पुण्याचा केतन नावाचा मुलगा होता, तोही भागीदार. तो आमच्याशी मराठीत बोलून बाकीच्यांना इंग्रजीत सांगायचा.

"नमस्कार काका. आपण मोकळेपणाने बोला हं. नोंदींवरून असं दिसतं, की आपली बहुतेक मतं मुदत संपलेल्या लेखांना गेली."

"होय."

"आणि काही लेखांना आपण मत दिलंत, काढलंत, पुन्हा दिलंत, पुन्हा काढलंत. यामागे काही धोरण होतं का?"

"आग्रह होता."

केतन थांबला. मग तो इंग्रजीत बरंच काही बोलला. चौकोनांतली तोंडं गंभीर झाली. एका गोऱ्या म्हातारीने मान हलवली. तिला काय समजलं ते तिलाच माहीत.

"यमुनाबाईंच्या लेखाला मात्र आपण अगदी वेळेवर आणि पूर्ण वजनाचं मत दिलंत. ते सगळ्यांना आवडलं. तेव्हा काका, आता तुम्हीच सांगा, तुमच्या अनुभवावरून. निधी कुणाला द्यावा? अ‍ॅपला की निवड करणाऱ्यांना?"

अस्मिताने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत होतं, बाबा, थोडक्यात. पण मी एवढा प्रवास करून थोडक्यात बोलायला आलो होतो का?

"सायेब, अ‍ॅप म्हंजे मंडप अन् चूल," मी म्हणालो. "पंगत चांगली उठली तं पैसे देऊ, असं मंडपवाल्याले म्हणून पाहा. तो बांबू उपटून घेऊन जाईन! त्याले आदी द्या लागते. मंडप टाकून रोज रोज मोठा कराले नोका देऊ, पण टाकाले द्या, अन् गळला तं शिवाले द्या."

केतनने सांगितलं. माना हलल्या. अस्मिताच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तिथेच थांबलो असतो तर! पण मला चेव आला होता.

"अन् वाढप्याले आदी काही नोका देऊ. वाढपी शेवटी जेवते. सारे उठले, कोणी उपाशी नाही असं दिसलं, की मंग त्याचं पान मांडा. आदी जेवलेला वाढपी ढेकर देत वाढते, त्याच्यात जीव राहत नाही."

"छान मुद्दा आहे काका. आणि निवड करणारे आपल्याच लोकांना मतं देतात, ही जी तक्रार आहे, तिचं काय करायचं?"

"अजिबात नाही चालत!" मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला उडाला. "वाढप्यानं घरच्याच्या पानात वाढाचं नाही. ज्या पंगतीत आपलं माणूस बसलं, त्या पंगतीत बादली खाली ठिवावी अन् दुसऱ्याले द्यावी. मी सारा जन्म हेच पाळलं."

टेबलाखालून अस्मिताने मला चिमटा काढला. जोरात.

"काहून व चिमटे काढते?" मी मोठ्याने म्हणालो. "बोलू दे नं! सायेब, मनावर घेऊ नका, लेकरू जरा घाबरलं हाय."

"लेकरू?" केतन म्हणाला.

"होय नं. हे अस्मिता. माहीच पोरगी."

सगळे चौकोन शांत झाले. ज्यांना मराठी येत नव्हतं तेसुद्धा. केतनने चष्मा काढला, पुन्हा लावला.

"काका, ओसरीतून आलेल्या प्रत्येक लेखाच्या पानातला एक घास ओसरीला जातो, हे आपल्याला माहीत आहे ना?"

माहीत होतं हो! अंगणात तिनेच तर सांगितलं होतं. पण वाढताना कोणाला आठवतं, कोणाच्या पानातून कोण घास घेतं? म्हणजे मी वाढलेलं जिथे जिथे पानात पडलं, तिथे तिथे एकेक घास माझ्याच पोरीच्या ताटात पडला होता. अस्मिताने लपवलं नव्हतं. आडनाव तेच होतं, कोणी विचारलं नाही, म्हणून तीही बोलली नव्हती, एवढंच. आणि जगापुढे टेबलावर हात आपटून सांगितलं कोणी? तिच्या बापाने.

"आम्ही मतं घेतो, थोडा वेळ थांबा," केतन म्हणाला.

त्या वेळात शांताबाईने एवढंच विचारलं, "कम्प्युटरलेही आता ज्वारीच्या कोठीत ठिवाचं का?"

मग केतन परत आला. "अभिनंदन. ओसरीला मंडपाचा निधी मंजूर झालाय, पुढच्या हंगामापर्यंत. निवडीचं वजन मात्र आम्ही परत घेतोय. ते बाहेरच्या तिघीजणींकडे जाईल, आणि त्यांचं मानधन हंगामाच्या शेवटी." मग तो जरा घुटमळला. "आणि काका, तुमचे दोन्ही नियम आम्ही जसेच्या तसे घेतले. वाढप्याने शेवटी जेवायचं, आणि घरच्याच्या पानात वाढायचं नाही. त्या नियमाखाली पहिलं बाद झालेलं खातं तुमचंच आहे. नोंद झाली आहे."

"पुसता नाही का येत?" मी विचारलं.

"नाही काका."

कम्प्युटर बंद झाला. मैत्रिणी एकमेकींना मिठ्या मारत होत्या. ओसरी वाचली होती, कोणाला पुण्याला जावं लागणार नव्हतं. पण अस्मिता हसतही नव्हती, रागावतही नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

"अर्धं तं झालं नं पोरी," मी म्हणालो. "अन् झालेलं अर्धं मोठं हाय."

"अन् दुसरं अर्धं?" शांताबाई म्हणाली. "ते तं टेबल ठोकून घालवलं तुमी!"

खाली सतरंजी टाकून पानं मांडली. मी सवयीने वरणाचं पातेलं उचलायला गेलो, तर अस्मिताने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि मानेनेच दाखवलं, बसा. मी ओळीच्या टोकाला बसलो. भाताचं आळं करून वाट बघत राहिलो.

तिने आधी एका मैत्रिणीला वाढलं, मग दुसरीला, मग आईला. माझ्यापुढून पातेलं तसंच गेलं. म्हटलं, येईल परत. ती परत गेली, पण त्यांच्याचकडे. "घ्या नं थोडं. अजून थोडं. आई, तू तं काहीच घेतलं नाही!" असा आग्रह चालला होता, की माझ्याच पोटची पोरगी ती, शंकाच नको. मैत्रिणी हातांनी पान झाकत होत्या आणि ती बोटांच्या फटीतून वाढत होती.

सगळ्यांचं मनासारखं झालं, तेव्हा ती माझ्या पानापाशी आली. वाकली. ओगराळं पातेल्यात घातलं.

खर्रर्र… खण्ण!

मी वर पाहिलं. वाढप्याने शेवटी जेवायचं, हा माझाच नियम होता. जगाने मंजूर केलेला, कोणालाच पुसता न येणारा.

अस्मिताने पातेल्याच्या तळाकडे पाहिलं, मग माझ्या भातातल्या कोरड्या आळ्याकडे पाहिलं, ओगराळं पातेल्यात ठेवलं आणि पातेलं घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली.